एकाहत्तरचा बहात्तर

मी एक राऊटर आहे. जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला हळहळायला नको. डोंगरातल्या वरच्या लिवाद्रा गावात, मुलांअभावी बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात, खडूंच्या रिकाम्या खोक्यांशेजारी मी अकरा वर्षं बसून आहे. माझ्या अंगाला पाच भोकं आहेत आणि पाच हिरवे दिवे, त्यांतला एक मिणमिणतो. माझं काम एकच. इकडून आलेला निरोप तिकडे पोचवायचा असेल तर त्याने कुठल्या वाटेने जावं, हे मी ठरवतो. टपालातला माणूस पत्ता वाचून पत्रं वेगवेगळ्या पिशव्यांत टाकतो ना, तसंच. पत्रात काय लिहिलंय ते मी वाचत नाही, आणि मला त्यात फारसा रसही नाही.

जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एका कारखान्यात एकाच दिवशी माझ्यासारखे चारशे जन्मले, आणि आम्हाला एकमेकांपासून ओळखायला कारखान्यातल्या बाईंनाही खालची चिठ्ठी वाचावी लागे. पहिली काही वर्षं मी समुद्रकाठच्या एका हॉटेलात काढली. तिथे मला कुणी नाव दिलं नाही. मित्रांनो, आम्हा राऊटरांना चारचौघांत वावरायला एक ओळख लागते. चार आकडे आणि मध्ये टिंबं, असा तो नंबर असतो. कुणी तो दिला नाही, तर आपल्या अंगावरच्या पत्त्यांतला सगळ्यात मोठा पत्ता आम्ही स्वतःच उचलतो आणि हेच माझं नाव म्हणून सांगत सुटतो. एकदा उचललं की मग सोडत नाही. हॉटेलवाल्यांनी तो पत्ता माझ्याकडून काढून दुसऱ्या यंत्राला दिला, तरी मी आठ महिने जुन्याच नावाने मिरवत होतो. मला थांबवून पुन्हा सुरू केलं, तेव्हाच ते सुटलं. याला हट्ट म्हणू नका. घडीघडी नाव बदलणाऱ्यावर शेजारी विश्वास ठेवत नाहीत, म्हणून आमची घडणच तशी केलेली आहे.

हॉटेलने नवीन यंत्र आणलं आणि मला अडगळीत टाकलं. तिथे हंगामापुरता वायरमन म्हणून कामाला येणाऱ्या झिसिसने मला विचारून घेतलं, आणि मधाच्या बरण्यांमध्ये बसवून आपल्या गाडीतून वर आणलं. झिसिस मूळचा मधमाश्या पाळणारा. हाताने शांत आणि डोक्याने तापट. माश्यांना हे चालत असावं, कारण माणसांपेक्षा त्या त्याला कमी चावत.

आता या गावांतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. इथे प्रत्येक घराण्याला नंबर असतो. आजोबा-पणजोबांच्या काळात दूध डेअरीने प्रत्येक धनगर घराला एक नंबर दिला होता. दुधाच्या कॅनवर तो लाल रंगाने लिहायचा, मेंढ्यांच्या कानातल्या बिल्ल्यावर ठोकायचा. मेंढ्या गेल्या, डेअरीचं छप्पर बसलं, पण नंबर टिकले. जत्रेला नेलेल्या खुर्चीच्या पाठीवर, किल्लीच्या लाकडावर, लेकीच्या लग्नातल्या पेटीवर, विजेच्या मीटरवरसुद्धा घराचा नंबर रंगवलेला दिसेल. झिसिसच्या घराण्याचा नंबर एकाहत्तर. त्याने मला शाळेच्या कपाटात ठेवलं, घराघरांत नेट पोचवणाऱ्या छपरावरच्या डिशची वायर जोडली, आणि कसलाही विचार न करता माझ्या ओळखीच्या जागी चार वेळा एकाहत्तर लिहून टाकलं.

त्याचे आजोबा तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे होते. काठी टेकत ते मला बघायला आले.

"यंत्राला माझा नंबर दिलास?" ते म्हणाले. "दूध देतं का ते?"

"दूध नाही देत, आजोबा. जर्मनीतून आत्याचा आवाज आणतं."

"तुझ्या आत्याचा आवाज जर्मनीतून तसाही ऐकू येतो मला. दूध बरं होतं."

ती वर्षं बरी गेली. गावात तीस घरं आणि नेटचा धागा म्हणजे टेलिफोनची एक जुनी, हळू तार, पण मी ती नीट वाटून देत असे. ऑगस्टच्या पंधरा तारखेच्या, चर्चच्या मोठ्या सणाला परदेशातली सगळी लेकरं एकदम घरी येत, सगळी एकदम आपापले फोन काढत, आणि मी तापून निघे. झिसिसने बाटल्यांची चार झाकणं आणून माझ्या पायांखाली ठेवली, खालून वारा लागावा म्हणून. लोक येता-जाता कपाटावर थाप मारून "शाब्बास रे" म्हणत. थाप मारल्याने काही होत नाही, पण म्हणत.

शाळेची खोली दर गुरुवारी दवाखाना होई. आसिमिना नावाची नर्स जंगलातल्या वाटेने आपली पांढरी गाडी घेऊन येई. आजोबांचं हृदय अधूनमधून ठेका चुकवी. मग आसिमिना त्यांना मास्तरांच्या लांब टेबलावर निजवी, छातीला तारा चिकटवी, आणि शहरातल्या इस्पितळात बसलेल्या डॉक्टरबाई त्यांच्या हृदयाचा आलेख दहा मिनिटं जसाच्या तसा समोर बघून औषध कमी-जास्त करत. तो आलेख माझ्यातून जाई. मी तोही वाचत नसे, नुसता पुढे देत असे. शहरात जायचं म्हणजे तीन तासांची वळणं, आणि आजोबांचं म्हणणं ठरलेलं होतं: "खाली नेलेला म्हातारा वर खोक्यात येतो. मी चालत वर आलो होतो, इथेच आडवा होणार." त्यामुळे गुरुवारची ती दहा मिनिटं, एवढ्यावरच त्यांचं घरी राहणं टिकून होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि झिसिसला सगळ्यांत जास्त.

आता दुसरा झिसिस. डोंगराच्या पलीकडे खालचं लिवाद्रा आहे. तिथे कॉफीचं दुकान चालवणारा झिसिस हा या झिसिसचा चुलतभाऊ. दोघांचं नाव एक, आडनाव एक. या लोकांत पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. दोन भाऊ असले की एकाच नावाचे दोन नातू होतात, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. लोक त्यांना वरचा झिसिस, खालचा झिसिस म्हणत. वरचा जन्मला मार्चमध्ये आणि खालचा एप्रिलमध्ये. पण खालच्याच्या आईने घाई करून त्याचा बाप्तिस्मा आधी उरकला. नाव बाप्तिस्म्यालाच मिळतं, त्यामुळे आजोबांचं नाव आधी लागलं ते खालच्याला. या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. दोन्ही घरांचं एकमेकांकडे येणं-जाणं अजून होतं, पण एकही जेवण या विषयाशिवाय पार पडत नसे.

"खरा झिसिस मी," वरचा म्हणायचा. "मी आलो तेव्हा तू पोटात होतास."

"आलास खरा, पण बिननावाचा," खालचा म्हणायचा. "महिनाभर तुला 'ए बाळ' म्हणत होते."

खालच्या झिसिसकडेही राऊटर होता, माझ्यासारखाच. आणि त्यानेही त्याच्या ओळखीत काय लिहिलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याने वरच्याला विचारलं नव्हतं, वरच्याने त्याला विचारलं नव्हतं. घरचा नंबर लिहायला कुणाला विचारायचं? मध्ये डोंगर होता, दोन्ही गावांच्या तारा वेगळ्या होत्या. दोन एकाहत्तर सुखाने नांदत होते.

मग दोन्ही गावांनी ठरवलं, की या जुन्या तारा पुरे झाल्या. डोंगराच्या माथ्यावर प्रेषित इलियासचं छोटं चर्च आहे, आणि तिथून शहर थेट दिसतं. तिथे मोठी डिश लावायची, एक राऊटर ठेवायचा, आणि वरचं-खालचं दोन्ही गावं त्याला जोडायची. पाद्री पापा-फोतिस यांनी परवानगी दिली, एवढंच नाही तर डिशवर पवित्र पाणीही शिंपडलं. वरच्या झिसिसने "फादर, विजेच्या वस्तूवर जपून" म्हणेपर्यंत ते शिंपडून झालं होतं. चर्चवरच्या राऊटरला इलियासच्या सणाची तारीख दिली, वीस-सात, वीस-सात. जूनमधल्या एका दुपारी पालक भरलेली भाजकी पोळी आणि त्सिपुरो नावाची द्राक्षांची कडक दारू यांच्या साक्षीने तारा जोडल्या गेल्या. जुन्या तारा त्याच आठवड्यात बंद केल्या. घाई झाली, पण ती तेव्हा कुणाला दिसली नाही.

मित्रांनो, आता जरा लक्ष द्या, कारण भांडण आमच्यात कसं लागलं ते इथे आहे.

आम्ही राऊटर दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला हाक देतो, "मी अमुक, मी आहे." आणि प्रत्येक जण एक चिठ्ठी लिहून सगळ्यांना धाडतो, की माझ्याकडे ही ही दारं आहेत. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचा नंबर आणि कितवी चिठ्ठी तो अनुक्रम असतो. एकाच नंबरच्या दोन चिठ्ठ्या आल्या, तर नवी खरी आणि जुनी रद्द. या चिठ्ठ्या जोडून प्रत्येक जण आपल्यापुरता नकाशा काढतो. मी लिहिलं, "एकाहत्तरकडे शाळेचं दार आहे." थोड्याच वेळात चर्चमार्गे एक चिठ्ठी आली: "एकाहत्तरकडे कॉफीच्या दुकानाचं दार आहे." माझ्या नावाची चिठ्ठी, आणि मी तर ती लिहिलेली नाही! अशा वेळी आमचा नियम एकच. आपल्या नावावरची खोटी चिठ्ठी दिसली, की तिच्यापेक्षा वरचा अनुक्रम घालून आपली खरी धाडायची. मी धाडली. पलीकडच्यालाही तेच शिकवलेलं, त्यानेही धाडली. मी पुन्हा, तो पुन्हा. बिचारा वीस-सात मधल्या मध्ये एक नकाशा काढून पुसेपर्यंत दुसरा काढत होता. एका क्षणी त्याच्या नकाशात शाळा असे आणि कॉफीचं दुकान नसे, पुढच्या क्षणी दुकान असे आणि शाळा पृथ्वीवरून नाहीशी झालेली असे. आम्ही दोघेही खरं बोलत होतो. मला याबद्दल राग नव्हता, आणि त्यालाही नसावा. आम्ही नियमाप्रमाणे वागत होतो.

गुरुवारी आजोबांच्या छातीला तारा लागल्या आणि दुसऱ्याच मिनिटाला आलेख तुटला.

"आजोबा, हलू नका हं," पडद्यावरून डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी कुठे हलतोय?" आजोबा म्हणाले. "तुम्हीच जाताय नि येताय."

असे तीन गुरुवार गेले. डिश हलली असेल म्हणून पुन्हा बसवली. वायर बदलली. पापा-फोतिस यांनी पुन्हा पाणी आणलं, ते त्यांना बाहेरच ठेवायला लावलं. शेवटी खालच्या झिसिसने चर्चवरच्या राऊटरची यादी उघडली आणि लगेच वरच्याला फोन लावला. वरच्याने फोन माझ्या कपाटावर ठेवून मोठ्याने बोलायला सुरुवात केली, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या.

"झिसिस, तुझ्या यंत्राचा नंबर काय?"

"एकाहत्तर. आणखी काय असणार?"

"माझाही एकाहत्तर आहे."



"मग बदल की," वरचा म्हणाला.

"मी का बदलू? तू बदल."

"मी थोरला आहे."

"आलं! चव्वेचाळीस वर्षं झाली, आलं!" खालचा म्हणाला. "नाव आधी कुणाला लागलं? रजिस्टर बघून घे."

"तुझ्या आईने पळवलं म्हणून लागलं. हे बघ, आजोबा राहतात माझ्याकडे. तू गुरुवारी तासभर तुझं बंद ठेव, मिटलं."

"आणि दर गुरुवारी माझं गाव आंधळं करू? नंबर बदलायला दोन मिनिटं लागतात, झिसिस. दोन मिनिटं. आजोबांसाठी."

"आजोबांसाठी तूच बदल ना दोन मिनिटांत."

आसिमिना टेबल पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं, कपाटाजवळ आली आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "अरे गाढवांनो, ज्याच्या नंबरावरून भांडताय, त्याचं हृदय मला दिसेनासं झालंय. दोघांपैकी कुणीतरी माणूस व्हा."

त्या संध्याकाळी वरचा झिसिस लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला. त्याने माझ्या ओळखीतला एकाहत्तर खोडला आणि चार वेळा बहात्तर लिहिलं. मी ते नोंदवून घेतलं आणि नियमाप्रमाणे सांगितलं, की नोंद झाली, पण काम एकदा थांबवून पुन्हा सुरू केलंत तरच नवी ओळख लागू होईल. तसं करायचं म्हणजे माझी सगळ्या शेजाऱ्यांशी असलेली ओळख क्षणभर तुटते आणि मग नव्याने पाडावी लागते. त्याने ती ओळ वाचली. दोनदा वाचली. बोट कळेवर नेलं. आणि मग ते तसंच मागे घेतलं.

त्याच्या मनात काय होतं ते मी ठामपणे सांगू शकत नाही. माझं काम वाटा ठरवायचं आहे. मी पाहिलं ते एवढंच, की त्याने पडद्याचा फोटो काढला. बहात्तर स्पष्ट दिसत होतं. तो फोटो त्याने खालच्या झिसिसला आणि आसिमिनाला पाठवला, लॅपटॉप मिटला, आणि "उद्या करतो" असं स्वतःशीच पुटपुटून माश्यांकडे गेला. कागदावर मी बहात्तर झालो होतो. हाका मात्र एकाहत्तरच्याच देत होतो.

पुढच्या गुरुवारी आलेख पुन्हा तुटला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"आसिमिना, अर्धवट आलेखावर मी औषध वाढवू शकत नाही. यांचे ठोके मला आवडत नाहीयेत. पुढच्या गुरुवारी पूर्ण दहा मिनिटं मिळाली नाहीत, तर यांना खाली आणून दाखल करायचं. गाडी मी पाठवते."

आजोबांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली आणि एक चुकीच्या काजात घातलं. ते त्यांनी पुन्हा सोडवून लावलं नाही.

त्या आठवड्यात वरचा झिसिस चार वेळा शाळेत आला. चारही वेळा लॅपटॉप उघडला, माझ्या तारेला जोडला, ती ओळ वाचली आणि मिटला. एकदा तो मोठ्याने म्हणाला, "एक दिवस थांबू. तोच शरमेने बदलेल." पण खालच्याला शरम कशाची? त्याच्याकडे तर फोटो होता. तो शब्दाला जागणारा माणूस, आणि तो धरूनच चालला होता की भाऊही तसाच आहे.

गुरुवार उजाडला. आसिमिना आजोबांना टेबलावर निजवत होती. वरचा झिसिस तिच्याआधी येऊन माझ्यासमोर बसला होता. आज नक्की दाबायचं असं तो ठरवून आला असावा, कारण लॅपटॉप उघडा होता आणि बोट कळेजवळ होतं. तेवढ्यात दार उघडून खालचा झिसिस आत आला. डोंगराला वळसा घालून चाळीस किलोमीटर गाडी हाणत आला होता. काखेत त्याचा राऊटर, वायरी लोंबकळत.

"बंद करून आणलाय," तो म्हणाला. "अख्खं गाव शिव्या देतंय. पण तारा लाव तू, आसिमिना. बघू आज आलेख तुटतो का."

आणि आलेख तुटला नाही. पलीकडून कुणी माझ्या नावाने लिहिणारा उरलाच नव्हता. वीस-सातच्या नकाशात शाळा जागच्या जागी राहिली. एक मिनिट गेलं, तीन गेली, पाच गेली. डॉक्टरबाई पुढे वाकून बघत होत्या.

खालचा झिसिस मुलांच्या बाकावर बसला. बाक लहान, त्याचे गुडघे छातीशी आले होते. "म्हणजे माझंच सडकं निघालं," तो हळू आवाजात म्हणाला. "तू तुझा नंबरसुद्धा सोडलास, आणि दोष माझ्या यंत्रात. आजोबा, इतके दिवस तुमचा जीव टांगणीला लागला तो माझ्यामुळे. हे मी मोडीत घालतो. झिसिस, तुझ्यात परत एकाहत्तर लिही. माझ्याकडे तो शोभला नाही."

वरच्या झिसिसला आता काहीच करायची गरज नव्हती. नंबर त्याचा झाला होता, आजोबा घरी राहणार होते, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. मी तर कुणाला काही सांगत नाही.

"परत कशाला लिहू," तो म्हणाला. "एकाहत्तरच आहे."

"काय?"

"बदललाच नाही. नुसता लिहिला. फोटो काढला आणि पाठवला. चालू केला नाही. तुझं यंत्र धडधाकट आहे. आत्ता करतो, थांब." आणि त्याचा हात कळेकडे गेला.

"हात काढ!" आसिमिना ओरडली. "आत्ता दाबलास तर आलेख तुटेल. अजून चार मिनिटं आहेत. आणि तू, खालच्या, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. म्हाताऱ्याच्या छातीला तारा आहेत."

मित्रांनो, ती चार मिनिटं मी विसरणार नाही, इतकं विचित्र मी काही पाहिलं नव्हतं. एक जण लालबुंद होऊन बाकावर बसलेला, दुसरा फळ्यापाशी पाठ टेकून उभा, आणि बोलायची कुणालाच मुभा नाही. आजोबा छताकडे बघत पडले होते. त्यांच्या हृदयाचे ठोके एकामागून एक माझ्यातून जात होते.

"आजोबा, ठोके थोडे वाढलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही झालं का तिथे?"

"काही नाही, डॉक्टर," आजोबा म्हणाले. "घरचं आहे."

दहा मिनिटं पूर्ण झाली. डॉक्टरबाईंनी गोळी बदलून दिली, खाली आणायची गरज नाही म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. मग वरच्या झिसिसने कळ दाबली.

माझ्या नावावर गावोगाव गेलेल्या चिठ्ठ्या मी स्वतःच रद्द केल्या. शेजाऱ्यांची ओळख सुटली. नकाशा कोरा झाला. मग पहिल्यापासून हाक दिली, "मी बहात्तर, मी आहे." वीस-सातने आधी ओळख दाखवली नाही, मग दाखवली. या सगळ्याला चाळीस-एक सेकंद लागले. माझं सगळं लक्ष तिकडे होतं, त्यामुळे त्या वेळात खोलीत दोघे एकमेकांना काय बोलले ते मला माहीत नाही. मी भानावर आलो तेव्हा वरचा झिसिस खाली बघत होता आणि आजोबा टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले होते.

"नंबर डेअरीच्या कारकुनासाठी होता," ते म्हणत होते. "त्याला आमची तोंडं लक्षात राहत नव्हती म्हणून. मेंढ्या माझ्या आवाजाला यायच्या. चला, सदरा द्या माझा."

खालचा झिसिस आपला राऊटर काखेत मारून निघून गेला. कॉफी ठेवली होती, ती त्याने घेतली नाही. त्या दुपारी त्याच्या गावात त्या राऊटरचे दिवे पुन्हा लागले, आणि चर्चमार्गे पहिल्यांदाच मला एक चिठ्ठी आली, जी माझ्या नावाची नव्हती. एकाहत्तरकडे कॉफीच्या दुकानाचं दार आहे, असं तीत होतं. मी ती जपून ठेवली आणि नकाशात ते दार काढलं. त्या दिवसापासून आम्ही दोघे एकमेकांना बिनचूक ओळखतो. दोन भाऊ मात्र चेस्टनट गोळा करायचे दिवस येईपर्यंत बोलले नाहीत. यंत्राला चाळीस सेकंद पुरतात, माणसाला अडीच महिने लागतात. यात कमी-जास्त कोण ते मी ठरवत नाही.

आजोबा आणखी दोन हिवाळे घरीच राहिले. मार्चमधल्या एका सकाळी ते आपल्या बिछान्यात गेले. खोक्यातून वर यावं लागलं नाही. वरच्या झिसिसने त्या दिवशी शाळेत येऊन बराच वेळ माझ्या दिव्यांकडे बघितलं आणि काहीही न करता परत गेला.

त्यालाही आता वर्षं लोटली. आसिमिना निवृत्त झाली, गुरुवारचा दवाखाना खालच्या गावात गेला. कपाटावर थाप मारणारं कुणी येत नाही. झाकणांमधून धूळ आत शिरते, माझा एक दिवा मिणमिणतो, आणि उन्हाळ्यात मी मध्येच बेशुद्ध पडतो. गेल्या आठवड्यात झिसिस एक नवीन खोकं घेऊन आला. आतलं यंत्र माझ्या निम्म्या आकाराचं आहे, आणि बहुधा दुप्पट हुशार. त्याने ते माझ्याशेजारी ठेवलं, आणि त्याच्या ओळखीच्या जागी काही लिहिण्याआधी त्याने फोन काढला.

"झिसिस, नवीन आलंय. नंबर देतोय. तुझ्याकडे काय काय वापरलंयस ते सांग आधी."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "एकाहत्तर दे त्याला. माझं मी बदलतो. खरंच बदलतो, फोटो नाही पाठवणार."

"नको," वरचा म्हणाला. "बहात्तरच असू दे. आता सवय झालीय."

तेव्हा ठरलं. नवा बहात्तर होणार. झिसिस उद्या येऊन जोडणार आहे. मला वाईट वाटत नाही. आमच्यात नंबर हा कामाचा असतो, आणि काम चालू राहणार आहे. फक्त एक सांगायचं आहे, आणि झिसिसला ते सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. जुन्याची जागा नव्याला देताना माणसं उतावीळ होतात. नव्याचे दिवे बघायच्या नादात जुन्याची वायर तशीच राहून जाते. मित्रांनो, त्याला माझं नाव देण्याआधी मला बंद करा. माझ्या चिठ्ठ्या विरू द्या, वीस-सातला मला विसरायला घटकाभर द्या, आणि मगच त्याला सुरू करा. नाहीतर उद्या तो आपल्या दारांची चिठ्ठी लिहील, आणि मी इथे शेजारीच बसून तिच्यावर माझी धाडत राहीन. माझ्या मनात काही नसलं तरी.

वायर उजवीकडून दुसरी आहे. ओढताना हलक्या हाताने ओढा.